वाचून दाखवले, समजले, मान्य आहे

वकिलाकडे एकतीस वर्षं कारकुनी केली असं सांगितलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. खुनाचे खटले किती पाहिलेस, आणि आमची एक मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतल्या घराच्या हक्काची, फाईल पडून आहे तेवढी बघशील का. खून मी एकही पाहिला नाही. आमचे वकील अनंतबाब खुनाच्या वाटेला गेले नाहीत आणि मुंडकारांच्या फायलींना ते हात जोडत. त्यांचं सगळं आयुष्य ग्राहकांच्या तक्रारींत गेलं, त्यामुळे माझंही. डिचोलीच्या बाजारात, खाली पोदेराचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. सकाळी पावाचा वास आणि संध्याकाळी अशिलांची रडगाणी, या दोन्हींच्या मध्ये माझी नोकरी झाली.

ग्राहकांच्या तक्रारी म्हटलं की लोकांना हसू येतं. हसण्यासारखं पुष्कळ होतंही. एका गृहस्थांनी बिघडलेला मिक्सर पुरावा म्हणून टेबलावर आणून ठेवला आणि तो चालू करून दाखवला. तो व्यवस्थित चालला. मग त्यांनी मिक्सरवरच डोळे वटारले. एक बाई लग्नाच्या हॉलवाल्याविरुद्ध तक्रार घेऊन आल्या होत्या, आणि अर्ध्या तासाने आमच्या लक्षात आलं की त्यांची खरी तक्रार विहिणीविरुद्ध आहे. असली माणसं मला आवडायची. त्यांचं काही बुडत नसे आणि आमचाही दिवस बरा जाई.

कारकून करते काय, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. वकील आयोगापुढे उभा राहून बोलतो ते सगळ्यांना दिसतं. पण ग्राहक आयोगात बोलण्याला फार किंमत नसते, तिथे कागद चालतो. अशिलाने आपली हकिकत शपथेवर लिहून द्यायची, तिला प्रतिज्ञापत्र म्हणतात. अशील सांगतं, कारकून लिहिते, वकील तपासतो, अशील सही करतं. सगळ्यात शेवटी एक ठरलेली ओळ असते: वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो मला समजला, आणि तो खरा आहे. ही ओळ मी किती वेळा टाइप केली असेल याचा हिशेब नाही. पुढे पुढे ती कॉम्प्युटरमध्येच ठेवलेली असायची, मजकूर कोणाचाही असो, खाली आपोआप यायची.

बायकांच्या आजाराची प्रकरणं आली की अनंतबाब खाली चहाला जात. ते स्वतःहून जात, मला सांगावं लागत नसे. साठीच्या पुरुषासमोर पेडण्याची बाई आपल्या शरीराबद्दल बोलणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यामुळे त्या हकिकती मी एकटी ऐकत असे, आणि त्या लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही असा मला गर्व होता. त्या गर्वाचीच ही हकिकत आहे.

सत्यवती माझ्याकडे आली ती तिच्या लेकीमुळे. लेक आमच्या आमोण्यात दिलेली, माझ्या घरापासून चौथं घर. एक दिवस ती म्हणाली, "सुमनबाय, आईक तुमच्या ऑफिसात हाडूं?" मी म्हटलं आण. सत्यवती मोरजीजवळच्या एका वाड्यावरची, वय पन्नाशीच्या जरा पुढे. थोडी शेती, काजूच्या चार-सहा झाडांचा तुकडा, नवरा वामन किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये स्वयंपाकी. पेडण्याहून दोन सरकारी बस बदलून ती आली, आणि लेकीने मला हळूच सांगितलं की बस रिकामी असूनही आई सगळा वेळ उभीच होती. आमच्या ऑफिसातही ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाय, माका बसाक जमणा नाय," ती म्हणाली. "आत काय तरी टोचता."

चार बाळंतपणं झालेल्या कित्येक बायकांचं अंग बाहेर येतं. गर्भाशय आणि मूत्राशय खाली सरकतात, कारण त्यांना धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात. आपल्याकडे बायका ते पदराआड वर्षानुवर्षं झाकून ठेवतात आणि डोक्यावर पाण्याच्या कळश्या वाहतच राहतात. सत्यवतीने मात्र हिंमत करून एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन करून घेतलं होतं. तिथल्या सर्जनने सांगितलं, "आत टाके घालून वर उचलून देतो." टाके घातले हे खरं. पण टाक्यांबरोबर त्यांनी आत एक जाळी बसवली, प्लास्टिकच्या धाग्याची विणलेली, मच्छरदाणीच्या कापडाला जवळची. ती मांसात रुजते आणि खाली सरकलेलं वर धरून ठेवते, अशी त्यामागची कल्पना. पुष्कळ बायकांना ती सोसते. काहींच्या अंगात ती आक्रसते, कडक होते, आणि तिच्या कडा आतल्या नाजूक कातडीतून बाहेर डोकावतात. मग रक्त, घाण पाणी, लघवीची आग, आणि बसता-उठता टोचणं. परदेशात अशा हजारो बायकांनी कंपन्यांना कोर्टात खेचलं आणि काही देशांनी ही जाळी योनिमार्गाने घालणंच थांबवलं. आमच्या पेडण्याच्या सत्यवतीला जाळी हा शब्दच कोणी सांगितला नव्हता.

ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी टोचायला लागलं. ती त्याच सर्जनकडे गेली. ते म्हणाले, वयाने होतं, गोळ्या घे. ती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा गोळ्या मिळाल्या. चौथ्यांदा त्यांनी तिला तपासलंच नाही, खुर्चीवरूनच म्हणाले, "तुझ्या मनाचा खेळ आहे." ही गोष्ट सांगताना सत्यवती रडली नाही. रडले मी, आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने जनेलातून बाहेर बघत उभी राहिले.

पुढचं तिने फार हळू आवाजात सांगितलं. नवरा जवळ आला की त्यालाही टोचायचं. एकदा त्याला रक्त आलं. तो घाबरला, आणि त्या दिवसापासून बाहेर सोप्यावर निजायला लागला. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्या डोक्यात बसलं की हिच्या अंगात काहीतरी शिरलंय. डॉक्टर म्हणतो काही नाही, आणि आपल्याला तर रक्त आलं, मग हे माणसाच्या हातातलं नव्हे. म्हणून दोघं देवाकडे गेली.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. भटजी देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं गाऱ्हाणं मोठ्याने देवाला सांगतो, आणि पाकळी उजवी पडते की डावी त्यावरून उत्तर समजतं. उत्तर आलं, सासूने बोललेला एक नवस फेडायचा राहिला आहे. तिने तो फेडला. टोचणं थांबलं नाही. मग दुसऱ्या गावचा देव, मग तिसऱ्या. मध्ये एका घाडीने, म्हणजे मांत्रिकाने, दोरा बांधून दिला. अशी सहा वर्षं गेली. शेवटी लेकीने तिला ओढून सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "तुमच्या आत जाळी कधी घातली?"

"कसली जाळी?" सत्यवतीने विचारलं.

त्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं सुधारणेचं ऑपरेशन केलं. जितकी निघाली तितकी जाळी काढली आणि तिचा तुकडा तपासणीला पाठवला. पण सगळी निघत नाही. खुराड्याच्या जाळीवर दुधीचा वेल चढला की नंतर वेल न तोडता जाळी काढून बघा, तसं ते काम. मूत्राशयाजवळचा भाग काढायला या कामात मुरलेला सर्जन हवा, तो गोव्याबाहेर भेटेल, असं त्या म्हणाल्या. त्याचा खर्च वामनच्या शॅकमधल्या पगारात बसणारा नव्हता. म्हणून सत्यवती आमच्या जिन्याने वर आली. तिला तो खर्च हवा होता आणि त्याहून जास्त हवं होतं ते तिने वेगळं सांगितलं.

"माका कोणी तरी लिवन दिवचा," ती म्हणाली, "की ह्यां माज्या मनातला नाय. माज्या आंगातला पण नाय. ह्यां भायरसून घातलेला."

तिने एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर पालथी केली. त्यात हॉस्पिटलचे कागद होते, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांच्यात मिसळलेल्या देवस्थानांच्या पावत्या. कौलाची, नवसाची, अभिषेकाची. प्रत्येकीवर तारीख, प्रत्येकीवर तिचं नाव आणि कोणत्या कारणासाठी ते लिहिलेलं. घाडीच्या दोऱ्याचा तुकडासुद्धा होता. मी कागद निवडायला लागले. औषधांचे एका बाजूला, हॉस्पिटलचे दुसऱ्या बाजूला. देवाच्या पावत्या मी गोळा करून परत पिशवीत घातल्या आणि म्हटलं, "ह्या कागदांचो उपेग ना गो. घरा व्हर."

आज ते आठवलं की माझाच कान पिळावासा वाटतो.

कारण मला तिची लाज वाटली होती. हे स्पष्टच लिहिते. समोर पणजीचे मोठे वकील असणार, हॉस्पिटलवाले इंग्रजीत बोलणार, आणि आपली बाई म्हणणार की मी पाकळ्या लावून विचारलं. लोक हसतील, तिला अडाणी म्हणतील. म्हणून मी प्रतिज्ञापत्रातून देवाला काढून टाकलं. त्या सहा वर्षांच्या जागी मी एक सुबक वाक्य लिहिलं: "सदर शस्त्रक्रियेमुळे होणाऱ्या त्रासावर अर्जदार सातत्याने वैद्यकीय उपचार घेत होती." किती शहाणी दिसते बघा बाई या वाक्यात. मला ते इतकं आवडलं की मी अनंतबाबांना वाचून दाखवलं. त्यांचं त्या दिवशी दुसरीकडे लक्ष होतं, तेही मान हलवून मोकळे झाले.

सत्यवतीला मात्र मी वाचून दाखवलं नाही. ती उभी होती, तिला परतीची बस पकडायची होती, आणि खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नाही. प्रत्येक पानावर फुली मारून ठेवली आणि म्हटलं, इथे सही कर, इथे, आणि इथे. तिने केली. खाली ती ठरलेली ओळ होतीच.

हॉस्पिटलचं उत्तर आलं तेव्हा अनंतबाब ते वाचता वाचता खुर्चीत ताठ झाले. ग्राहकाने तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. ती दोन वर्षं केव्हापासून मोजायची हाच सगळा वाद. बाईला जाळीबद्दल सरकारी डॉक्टरीणबाईंकडून पहिल्यांदा कळलं, तेव्हापासून मोजा, असं आमचं म्हणणं. समोरच्या वकिलांनी दोन कागद पुढे केले. एक, ऑपरेशनआधीचं संमतीपत्र, त्यावर सत्यवतीची सही, आणि इंग्रजीत छापलेलं की शस्त्रक्रियेची पद्धत, आत बसवायचं साहित्य आणि धोके रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितले. दुसरा कागद आमचाच. त्यातलं माझं ते सुबक वाक्य त्यांनी पिवळ्या शाईने रंगवलं होतं. अर्जदार स्वतःच शपथेवर म्हणते की सदर शस्त्रक्रियेमुळे त्रास होतोय हे तिला सुरुवातीपासून माहीत होतं. म्हणजे मुदत केव्हाच संपली. तक्रार फेटाळा.

अनंतबाबांनी तो रंगवलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "सुमन, तिका वाचून दाखयलें तुवें?"

मी म्हटलं, "ना बाब." आणि पिशवीत परत घातलेल्या देवाच्या पावत्यांचंही सांगून टाकलं.

एकतीस वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत आणि तेव्हाही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला एवढंच सांगितलं की उद्या तिच्या घरी जा आणि त्या पावत्या घेऊन ये.

मोरजीला गेले तर सत्यवती काजूच्या तुकड्याच्या कडेला तोंडलीचा मांडव नीट करत होती. मी सगळं सांगितलं, हात जोडून. तिला मुदत वगैरे काही कळलं नाही. तिला एवढं कळलं की मी लिहिलेल्या एका ओळीमुळे केस जाईल. ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पावत्या तिने टाकल्या नव्हत्या. देवाचा कागद आमच्याकडे कोणी टाकत नाही.

जाळीचं ठाऊक असतं तर ही बाई सहा वर्षं देवाला कारण विचारत फिरली नसती, हे दाखवायला त्या पावत्या जोडून आम्ही दुसरं प्रतिज्ञापत्र केलं. ग्राहक आयोगात साक्षीदाराला साधारणपणे उभं करत नाहीत, पण समोरच्या वकिलांनी अर्ज केला की ही बाई आपली जबानी बदलते आहे, आम्हाला तिची उलटतपासणी हवी. आयोगाने ती दिली. मला वाटतं, बाई पाकळ्यांच्या गोष्टी सांगायला लागली की आपोआप उघडी पडेल, असा त्यांचा होरा होता.

त्या दिवशी खोलीत गर्दी होती. विम्याची, मोबाइलची, फ्लॅटची माणसं आपापल्या पाळीची वाट बघत बसली होती. वामन दारापाशी उभा होता. अध्यक्षबाईंनी सत्यवतीला खुर्ची दिली, तिने नको म्हटलं. समोरचे वकील उंच, गोरे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी पावत्या हातात घेऊन एक एक वाचल्या, आवाजात जरा हसू ठेवून. मागे दोन-चार लोक हसलेही. मला उठून त्या लोकांच्या मुस्कटात द्यावीशी वाटली.

"म्हणजे सत्यवतीबाई," ते म्हणाले, "पोटात दुखतंय म्हणून तुम्ही डॉक्टरला न विचारता देवाला विचारत होता?"

सत्यवतीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "डॉक्टराक चार खेपे इचारलंय," ती म्हणाली. "तेणा सांगूक नाय. सांगल्यान आसता तर देवाकडे कित्याक गेलंय असतंय?"

खोलीत कोणी हसलं नाही. वकिलांनी पावत्या खाली ठेवल्या आणि आमचं पहिलं प्रतिज्ञापत्र उचललं. शेवटचं पान उघडून त्यांनी तिला सही दाखवली.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"सहीच्या वर लिहिलंय की मजकूर तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवला आणि समजला. दाखवला होता?"

सापळा मला दिसत होता आणि अनंतबाबांनाही दिसत होता. हो म्हणाली तर माझं ते वाक्य तिचं ठरतं आणि केस संपते. नाही म्हणाली तर आमच्या ऑफिसने शपथेच्या कागदावर खोटं लिहिलं असं होतं, आणि त्याला जबाबदार मी, तिच्या मागे तीन हातांवर बसलेली, तिच्या लेकीची शेजारीण. सत्यवतीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिने जे खरं ते सांगावं अशी खूण करायचीही हिंमत माझ्यात नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "ह्या बायन वाचूक नाय. हयसर सही कर म्हटल्यान, केलंय." मग तिने हात लांब करून टेबलावरच्या हॉस्पिटलच्या संमतीपत्राकडे बोट दाखवलं. "थयसर पण तसाच झाला."

अध्यक्षबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही कागद मागवून घेतले. एक इंग्रजी, एक मराठी, दोन्हींच्या खाली तीच ओळ आणि तीच वाकडी सही. त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवून बघितले. मग वकिलांना विचारलं, संमतीपत्र रुग्णाला वाचून कोणी दाखवलं, त्याचं नाव तुमच्या उत्तरात कुठे आहे? नाव कुठेच नव्हतं. हॉस्पिटलच्या फाईलमध्ये जाळीच्या खोक्यावरची चिकटपट्टीही नव्हती. बसवलेल्या वस्तूची कंपनी आणि नंबर त्या पट्टीवर असतो, आणि ती रुग्णाच्या कागदांत चिकटवायची असते. बिलात मात्र ती वस्तू होती, "इतर साहित्य" या नावाखाली.

बाहेर आल्यावर मी सत्यवतीची माफी मागितली. जिन्यात, सगळ्यांसमोर. तिने माझा हात धरला.

"तू वायट केलंस नाय गो," ती म्हणाली. "तू माका शाणी करूक गेलंस."

याहून मोठी शिक्षा मला कोणी दिली नसती.

आयोगाचा निकाल आमच्या बाजूने लागला. तक्रार मुदतीत आहे, जाळीबद्दल रुग्णाला सांगितलं गेलं नव्हतं, त्रास त्या जाळीचाच आहे, आणि झालेल्या व पुढच्या सुधारणेच्या ऑपरेशनचा खर्च आणि भरपाई हॉस्पिटल व सर्जनने द्यावी. निकालात आमच्या ऑफिसबद्दलही दोन कडक ओळी होत्या. अनंतबाबांनी त्या मला दोनदा वाचायला लावल्या. वामनने निकालाची झेरॉक्स मागून घेतली. लेकीने मला नंतर सांगितलं, तो ती घेऊन पहिल्यांदा आपल्या आईकडे गेला आणि तिला म्हणाला, बघ, नवसाचं काही नव्हतं. मग सत्यवतीकडे येऊन तो काय बोलला ते लेकीलाही माहीत नाही. सोप्यावरची त्याची चटई मात्र आत गेली.

पण गोष्ट इथे संपली असं वाटत असेल तर तुम्ही हॉस्पिटलवाल्यांना ओळखत नाही. त्यांनी वरच्या आयोगात अपील केलं. अपील म्हणजे तारखा. एका तारखेला त्यांचे वकील आजारी, दुसऱ्या तारखेला कागद अपुरे, तिसऱ्या तारखेला आयोगावर सदस्यच नाहीत. आत उरलेली जाळी तारखांची वाट बघत नाही, ती आपलं काम करतच असते. सर्जनसाहेबांचं हॉस्पिटल त्याच जागी तसंच चालू आहे. त्याच्यासमोरून बस गेली की मी तोंड फिरवते. यात मोठेपणा काही नाही, पण माझ्याने बघवत नाही.

मधल्या काळात बातमी पेपरात आली आणि बायका यायला लागल्या. एक गडहिंग्लजकडची होती, नवऱ्याबरोबर बांधकामावर आलेली, डोक्याला रुमाल तसाच. दारातूनच म्हणाली, "ताई, माझंबी तसंच हाय." कागद विचारले तर ती ओशाळली. खोल्या बदलता बदलता कागद कधीच गेले होते, ऑपरेशन कोणत्या गावात झालं तेवढं तिला आठवत होतं, डॉक्टरचं नाव नाही. मी तिला पाणी दिलं, सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. केस मी तिला देऊ शकले नाही. तिचं नावसुद्धा मी लिहून घेतलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

नोकरी सोडायच्या आधीच्या महिन्यात अपिलाला उत्तर द्यायचं होतं. सत्यवती आली. नवं प्रतिज्ञापत्र मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. सहीच्या जागी फुल्या मारल्या नव्हत्या. अनंतबाब नेहमीप्रमाणे खाली चहाला गेले. मी पहिलं पान हातात घेतलं, चष्मा लावला आणि तिच्या भाषेत वाचायला सुरुवात केली. ती ऐकत होती. मध्येच थांबवत होती. लेकीचं वय चुकलं होतं ते तिने दुरुस्त केलं. सरकारी हॉस्पिटलात ती सकाळी गेली होती, दुपारी नाही, तेही दुरुस्त केलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. खाली पोदेराने दुकान बंद केलं. तिसऱ्या पानावर मी वाचलं, "अर्जदारास होणाऱ्या वेदना असह्य आहेत." हे वाक्य आम्ही सगळ्यांसाठी वापरतो. असह्य म्हटलं की आयोगाला गांभीर्य कळतं.

"थांब," सत्यवती म्हणाली. "ह्यां काय लिवलंस?"

मी पुन्हा सांगितलं. सोसवत नाहीत असं लिहिलंय.

"खोटा आसा ता," ती म्हणाली. "सोसवत नाय असतां तर इतकी वर्सां रांदलां कोणी, शेतात गेलां कोणी, चेडवाचां लगीन केलां कोणी? सोसलंय मी. सगळां सोसलंय. तेंका तां कळूक व्हयां. सोसलंय म्हणान लिव."

मी ती ओळ खोडली. तिच्यासमोर, ती सांगेल तसं, नवी ओळ टाइप केली: सहा वर्षे मी सोसले, आणि अजून सोसते आहे. छापून तिच्या हातात दिली. तिने ती स्वतः अक्षर अक्षर लावून वाचली, बोट ठेवून.

"आता बरोबर," ती म्हणाली. "फुडला वाच."